डाळिंबी झगा

"हलू नकोस गं रेवा, टाचणी टोचली तर माझ्या नावाने शिमगा करशील."

"मग तू आटप ना लवकर. पाय भरून आले माझे."

"मागचा घेर राहिलाय अजून. उभी राहा गुपचूप."

रेवा स्टुलावर उभी होती आणि मी तिच्या पायाशी फरशीवर बसून, तोंडात टाचण्या धरून, झग्याचा घेर सारखा करत होते. झगा माझा. तिच्या लग्नात मी घालायचा. पण आपल्या अंगावरच्या कपड्याचा मागचा घेर आपल्याला कसा दिसणार? म्हणून शाळेपासूनची आमची पद्धत अशी, की मी काही शिवलं की ते रेवाच्या अंगावर चढवायचं आणि मी खाली बसून खडूच्या खुणा करायच्या. आमचं माप एकच होतं. खांदा म्हणू नका, छाती म्हणू नका, कंबर म्हणू नका, तिला बसलं की मला बसलंच. आई म्हणायची, देवाने एकाच कागदावर दोघींना बेतलंय.

रेवा हे नावही आईनेच पाडलेलं. तिचं खरं नाव रेवती. पण शाळा सुटली की ही आमच्याकडे यायची, माझ्या आईला मावशी म्हणायची, माझ्याच ताटात जेवायची, आणि आई दोघींना एका दमात हाक मारायची, "वैजू-रेवा, हात धुऊन या." तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा तिला कुणी रेवा म्हणत नव्हतं. ते फक्त आमच्या घरातलं.

आता त्या झग्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आईच्या लग्नातली एक नारायणपेठ होती. डाळिंबी रंग, हिरवे काठ, काठात जर. आई जायच्या थोडं आधी तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. एकदा तिने मला कपाट उघडायला लावलं, ती साडी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "रेवाच्या लग्नात ही नेस. माझं काहीतरी मांडवात असू दे." मी चिडले तिच्यावर, भलतंसलतं बोलू नकोस म्हणून. पुढे ती गेली. दोनेक वर्षांनी रेवाचं लग्न ठरलं, मी हौसेने साडी उलगडायला घेतली, तर ती घडीघडीवर विरलेली. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलं की रेशीम त्या घडीवरच तुटतं. बोट लावलं तिथे चिरत गेली. कपाटासमोर बसून ढसाढसा रडले मी, खोटं कशाला सांगू.

मग आईचाच एक जुना फोटो हाती लागला. अठराएक वर्षांची असेल. कुणाच्यातरी लग्नात, स्वतः शिवलेला पायघोळ झगा घालून उभी. कोपरापर्यंत फुगीर बाह्या, गळ्याला झालर, कंबरेत बेताचा आणि खाली कळ्याकळ्यांचा घेर. मी फोटो बघितला, साडी बघितली, आणि डोक्यात आलं, की घडी विरली असली तरी दोन घड्यांच्या मधलं कापड शाबूत आहे. तेवढ्याला कळ्या निघतील! साडी म्हणून नेसता येत नाही तर नाही, झगा म्हणून घालीन. शाळेतून आले की मशीनवर बसायची. दिवसा मी हायस्कुलात पोरांना गणित शिकवायची, त्यामुळे कळ्यांचा हिशेब काही अवघड गेला नाही, पण विरलेल्या रेशमाला सुई लावायची म्हणजे जीव मुठीत. शेजारच्या बायका डोकावून जायच्या. "वैजू, लग्नाला चाललीस की नाटकात काम करायला?" म्हणोत बापड्या.

रेवाने पहिल्यांदा अंगात घातला तेव्हा आरशात बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मावशी दिसतेय गं," म्हणाली. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. तिला सगळं माहीत होतं. साडी कुणाची, झगा कुणासारखा, तो घालून मी कुठे उभी राहणार, सगळं. तिच्या लग्नात तिच्यामागे करा घेऊन करवली म्हणून मी उभी राहायची, हे आम्ही चौथीत असताना ठरवलेलं.

तर त्या दिवशी मी तिच्याच घरी घेर सारखा करत होते आणि बाहेर गाडी वाजली. नवऱ्याकडची माणसं पुण्याहून मानपानाचं बोलायला आली होती. ती यायची होती संध्याकाळी, आली दुपारीच. रेवाची आई, कुसुमकाकू, स्वयंपाकघरातून धावतच बाहेर गेल्या. रेवाचं आधी एक जमलेलं मोडलं होतं, तेही पत्रिका छापून झाल्यावर. तेव्हापासून काकूंचा जीव टांगणीला लागलेला असायचा. फोन वाजला तरी दचकायच्या.

आम्ही दार लोटून घेणार तेवढ्यात एक बाई आत आली. गोरीपान, अंगाने भरलेली, हसरी. नवऱ्याची थोरली बहीण, नीला.

"अय्या! काय सुरेख आहे हे!" ती दारातच थांबली. "रेवती, कुठून घेतलंस?"

"घेतलं नाही वन्सं," रेवा स्टुलावरून म्हणाली, "शिवलाय."

"शिवलाय? हिने?" नीलाने खाली माझ्याकडे बघितलं.

"हो, ही वैजू. खूप छान शिवते."

"मग काय! आमच्या पुण्यात असं शिवणारं कुणी मिळत नाही हो."

माझ्या तोंडात टाचण्या. मी नुसती मान हलवली आणि वाट बघितली, की आता रेवा सांगेल, अहो ही माझी मैत्रीण, झगा तिचाच आहे. पण तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली आणि नीला गेली. मी टाचण्या काढून म्हटलं, "बावळट, माझा आहे म्हणून सांगायचं ना." रेवा म्हणाली, "अगं सुचलंच नाही." मीही फार मनावर घेतलं नाही. नव्या माणसांपुढे भांबावतं कुणीही.

घेर तिथेच बसून हाताने दुमडून घातला. निघताना झगा पिशवीत भरायला लागले तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं इथेच. चुरगळेल. आमच्या सामानात कार्यालयात येईल, तिथेच घाल." मी आनंदाने ठेवून आले.

लग्नाच्या दिवशी सकाळी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, केसांना तेल लावून वेणी घातलेली, अशी मी कार्यालयात पोचले. म्हटलं, तिथेच तयार व्हायचंय. सनई लावलेली, पोह्यांचा वास सुटलेला, पोरं नुसती पळतायत. मी नवरीच्या खोलीत शिरले. रेवा हिरवा चुडा घालून खुर्चीत बसलेली आणि एक बाई तिच्या केसांत गजरे माळत होती. मला बघून रेवा हसली, पण लगेच आरशाकडे वळली.

"माझा झगा कुठाय गं?"

उत्तर काकूंनी दिलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वैजू, बाळ, तुझ्याकडे एक काम आहे. नाही म्हणू नकोस."

"बोला ना काकू."

"नीलाताईंना झगा जरा घट्ट होतोय. शिवणीत माया ठेवली असशील ना तू? तेवढी सोडून दे. मुहूर्ताला अजून वेळ आहे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "नीलाताईंना? त्यांना कशाला घट्ट होईल? माझा आहे तो."

काकूंनी लेकीकडे बघितलं. रेवा गजरे माळणाऱ्या बाईला म्हणाली, "तुम्ही जरा चहा घेऊन या." ती गेली. काकूही "बघ बाई तूच समजाव" असं पुटपुटत बाहेर गेल्या. आम्ही दोघी उरलो.

"वन्सं हटूनच बसल्या गं वैजू," रेवा म्हणाली. "त्या दिवशी तू गेलीस, आणि त्या पुण्याला निघेपर्यंत त्यांचं एकच. तो झगा मला हवा, लग्नात मी तोच घालणार. मी काय करू सांग? नवऱ्याची थोरली बहीण आहे. तिचा मान. नाही म्हटलं आणि त्यावरून फिसकटलं म्हणजे?"

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर दिला असतास?"

दिला असता. तिने आमच्या घरी येऊन, नेहमीसारखं ओट्यावर चढून बसून मागितला असता, तर रडत रडत का होईना, दिला असता. तिला एवढंही माहीत नव्हतं याचाच मला धक्का बसला.

"रेवा, आईची साडी आहे ती."

"मला माहीत नाही का? उलट तेच सांगायचंय. त्यांच्यापुढे तेवढं बोलू नकोस, तुझ्या पाया पडते. गेलेल्या माणसाची वस्तू मानाला दिली हे कळलं तर सासूबाई घर डोक्यावर घेतील. त्यांच्यात फार बघतात असलं. नवीन कापड आणून शिवून घेतलाय असं सांगितलंय मी."

"शिवून घेतलास? कुणाकडून?"

ती हातातल्या बांगड्या मागेपुढे करत बसली.

"कुणाकडून, रेवा?"

"आता शब्दाला शब्द काढू नकोस. आमच्याकडे एक शिवणारी आहे असं म्हटलं. त्यात काय एवढं? शिवतेसच ना तू?" मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, मावशीच म्हणाली होती ना, माझं काहीतरी मांडवात असू दे? मग असेलच की मांडवात. कुणाच्या का अंगावर असेना."

हे वाक्य ती आईच्या नावाने बोलली, आरशात माझ्याकडे बघत. मला वाटलं, उठून हिच्या थोबाडीत द्यावी. मुंडावळ्या बांधायच्या होत्या अजून, कपाळ मोकळं होतं. माझा हात उचललाच गेला नाही. तेवढ्यात काकू परत आल्या. माझं तोंड बघून त्यांनी सरळ माझ्यापुढे हात जोडले. "पोरीचं एकदा मोडलंय वैजू. दुसऱ्यांदा काही झालं तर मी जगायची नाही. आता तुझ्या हातात आहे."

ज्या बाईच्या हातचं मी लहानपणापासून खाल्लं, ती माझ्यासमोर हात जोडून उभी. काय बोलणार? मी म्हटलं, "ब्लेड द्या एक. आणि सुईदोरा."

बाजूच्या खोलीत नीला झगा घालून उभी होती. कुशीत आणि काखेत शिवण ताणली गेली होती. विरलेलं रेशीम, आणखी जरा ताणलं असतं तर टाक्यावरच फाटलं असतं. तिला मात्र काही कल्पना नव्हती. मला बघून मोकळेपणाने हसली.

"आलात का? बरं झालं. जरा इथे सैल करून द्या हो, श्वास घेता येत नाही."

"उतरवा," मी म्हटलं.

ती गाऊन घालून पोहे खायला बसली आणि मी कोपऱ्यात झगा मांडीवर घेऊन उसवायला बसले. मी दोन्ही कुशींना भरपूर माया ठेवली होती. आयुष्यभर घालायचा, उद्या अंग भरलं तर सोडता यावा, म्हणून ठेवलेली. रेशमाचं एक असतं, की उसवलं तरी सुईची भोकं बुजत नाहीत. जुन्या शिवणीची रांग तशीच दिसत राहते. ती झाकायला मी पिशवीतून आणलेली काठाची चिंधी वरून लावली. चिंधी मी केसांत बांधायला आणली होती. डोळ्यांतून पाणी येऊ द्यायचं नाही एवढंच ठरवलं होतं, कारण रेशमावर पाण्याचा डाग पडतो. सगळे टाके हाताने घातले आणि चांगले घातले. वाईट शिवायला मला जमतच नाही, त्याला काय करणार.

झगा घालून नीला नवरीच्या खोलीत आली. तिथे तोवर बायकांची ही गर्दी. नवऱ्याची आई, मावश्या, आत्या, रेवाची मामेबहीण पल्लवी. सगळ्या वळून बघायला लागल्या. "बाई बाई बाई, काय खुललंय!" कुणी कळ्या चिमटीत धरून बघतंय, कुणी झालर. नवऱ्याच्या आईने काठावरून बोट फिरवलं. करारी चेहऱ्याची बाई, बोलली काहीच नाही.

नीलाने मला हात करून पुढे बोलावलं. "यांनीच शिवलाय बरं का. पण मला एक सांगा ताई, कापड कुठलं हे? असली नारायणपेठ हल्ली बघायलाही मिळत नाही. कुणाची जुनी साडी आहे का?"

आरशात रेवा दिसत होती. मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकू हातात कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडे बघत होत्या. एक शब्द बोलायचा होता. आई. तेवढा बोलले असते तरी पुरे होतं.

"नाही," मी म्हटलं. "नवीनच आहे. दुकानातून ताग्यातलं आणलं."

"हो? जुन्यासारखं वाटतं अगदी."

"हल्ली तसं निघतं," मी म्हटलं.

रेवाने डोळे मिटून श्वास सोडला. काकू घाईघाईने माझ्याजवळ आल्या, कानात म्हणाल्या, "उपकार झाले गं पोरी." आणि मग, जरा अडखळत, "आता तू अशी साध्या कपड्यांत... फोटोत बरं दिसत नाही. करा पल्लवी धरेल. चालेल ना?"

"न चालायला काय झालं," मी म्हटलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी अगदी मागे, हात धुवायच्या पिंपाजवळ उभी होते. अंतरपाटाच्या एका बाजूला रेवा, तिच्यामागे पल्लवी करा घेऊन, तोंडात च्युइंगम. दुसऱ्या बाजूला नवरा, आणि त्याच्यामागे दिवा घेऊन नीला, डाळिंबी झग्यात. माझी आई मांडवात होती. होती खरी, पण पलीकडच्या माणसांत. प्रत्येक "सावधान"ला मी अक्षता टाकल्या. एवढ्या लांबून त्या कुणाच्या डोक्यावर पडणार होत्या? पुढच्या माणसाच्या कोटावर पडल्या.

जेवायला थांबले नाही. घरी गेले तर माझे वडील, अप्पा, दारातच. "काय गं, एवढ्यात? कसा दिसला आईच्या साडीचा झगा?"

"सगळ्यांना आवडला अप्पा," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

यानंतर रेवाशी माझं भांडण झालं असं तुम्हाला वाटेल. नाही झालं. ती लग्नानंतर नवऱ्याबरोबर नागपूरला गेली. दिवाळीला फोन करायची, मुलाच्या मुंजीचं आमंत्रण पाठवलं, मी आहेर पाठवला. झग्याचं नाव दोघींनी काढलं नाही. मनातून मी तिला माफ करून टाकलं होतं. पुढे माझंही लग्न झालं, मलाही नणंद मिळाली, आणि नव्या नवरीला सासरच्या माणसापुढे नाही म्हणता येत नाही हे मला चांगलं कळलं. ती बिचारी अडकली होती. मोडलेल्या लग्नाचा धसका होता. नणंद हटून बसली तर ती काय करणार? असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं, की ते पाठ झालं. राग यायचा तो सगळा नीलावर यायचा. त्या गोऱ्या, हसऱ्या बाईवर. दुसऱ्याच्या अंगावरचं मागून घेणारी, असं मी तिला मनात म्हणायची. वर्षानुवर्षं म्हणत आले.

मग माझ्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली. नवीन सोसायटी, ओळखी नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. गेले, तर दार उघडायला नीला! केस पांढरे, अंगाने आणखी सुटलेली, हसू तेच.

तिने हळदीकुंकू लावलं आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. "तुम्ही... तुम्ही आमच्या रेवतीच्या लग्नातल्या शिवणाऱ्या ना?"

"मी गणित शिकवते," मी म्हटलं. "रेवाची मैत्रीण आहे मी. शाळेपासूनची."

"मैत्रीण?" ती गोंधळली. "ती तर म्हणाली होती... असो. बसा ना! काय सुंदर शिवला होता हो तो झगा. मी त्या दिवशी घातला तेवढाच. मग बाळंतपण झालं, अंगच वाढलं. कपाटात नुसता पडून होता, शेवटी बोहारणीला दिला. जरीचा म्हणून तिने हा डबा दिला बघा त्यावर. अजून वापरते." आणि तिळाच्या लाडवांचा डबा तिने माझ्यापुढे धरला.

स्टीलचा, गोल, झाकणाला कडी. झाकणावर तिचं नाव घातलेलं. इतर बायका लाडू उचलत होत्या. मी त्या डब्याकडे बघत राहिले. आणि इतक्या वर्षांनी तोंडातून ते गेलंच.

"माझ्या आईच्या लग्नातली साडी होती ती. आई गेल्यावर तिचा झगा केला होता मी. मला घालायला."

नीला तशीच उभी राहिली. मग हळूच माझ्याशेजारी बसली, डबा मांडीवर घेऊन.

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणाची साडी आहे का म्हणून. बोलायचं ना! मी जागच्या जागी उतरवून दिला असता."

"तुम्ही हट्ट धरला होता," मी म्हटलं. "तोच हवा म्हणून. मानाचा म्हणून."

"मी?" तिचे डोळे मोठे झाले. "मी कुणाचं अंगावरचं मागेन? मी नुसतं सुरेख आहे म्हटलं. रेवतीच मागे लागली. आम्ही निघताना स्वतः घडी करून माझ्या पिशवीत घालायला निघाली, वन्सं घ्याच, तुमच्यासाठीच शिवून घेतलाय म्हणून. मला बसणार नाही म्हटलं तरी ऐकेना. लग्नाच्या दिवशीसुद्धा म्हटलं मी, राहू दे गं, काखेत काचतोय, मी माझी पैठणी नेसते. तर म्हणाली, थांबा, आमची शिवणारी येतेय, ती सैल करून देईल."

"आणि तुमच्या आई? त्यांना चाललं नसतं ना, गेलेल्या माणसाची वस्तू?"

"आईला?" नीला कसंनुसं हसली. "आई स्वतः त्या दिवशी तिच्या गेलेल्या सासूची नथ घालून बसली होती."

मी लाडू घेतला की नाही ते आठवत नाही. घरी आले, कुलूप काढलं, चपलाही न काढता फोन लावला.

"अय्या, वैजू! संक्रांतीची आठवण आली का? अगं बोल, कशी आहेस?" रेवाचा आवाज तोच, गोड. मागे टीव्ही चालू होता. इकडचं तिकडचं झालं. मुलाचं, थंडीचं, गुडघ्यांचं.

मग मी म्हटलं, "एक विचारू? तुझ्या लग्नात तो झगा. नीलाताई हटून बसल्या होत्या ना गं?"

ती जरासुद्धा थांबली नाही. "अगं बाई, विचारूच नकोस! नुसत्या हटून बसल्या होत्या. मी केवढ्या विनवण्या केल्या, पण ऐकतील तर शपथ. माझ्या हातात काय होतं तेव्हा, तूच सांग."

"काही नव्हतं," मी म्हटलं.

"मग! तू होतीस म्हणून निभावलं. मावशीचं काहीतरी मांडवात..."

"ठेवते आता, रेवती," मी म्हटलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज तेवढा येत राहिला. त्या नावाने मी तिला कधीच हाक मारली नव्हती. तिने विचारलं, "वैजू, काय म्हणालीस?"

मी फोन ठेवला आणि चपला काढल्या.